जीपचं जन्मसाल ठरवण्याची सोपी पद्धत

लो बोनेट, म्हणजे बुटक्या बोनेटची जुनी जीप घेतलीत? अभिनंदन. (अमेरिकी लष्कराच्या कागदांत ती 'पाव टनी ट्रक' आहे, पण आपण जीपच म्हणू.) आता तिचं साल ठरवून टाका. शोधत बसायचं नाही, ठरवायचं. आणि ठरवायचंच तर १९४२ ठरवा, भाव त्यालाच आहे. विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ मध्ये, मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. त्यातल्या आपल्याकडे उरलेल्या झाडून सगळ्या १९४२ च्याच कशा, असं विचारणाऱ्याला पुढच्या रॅलीचं आमंत्रण देऊ नका.

सोबत इतिहासही जोडा. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्याबरोबर उतरलेली म्हणा. हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी गाड्या आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशाच्या चिखलात गेल्या होत्या, पण लेडोला कोण विचारतो? नॉर्मंडीवर सिनेमे आहेत.

ग्रिलच्या फटी मोजू नका. नऊ म्हणजे युद्धातली, सात म्हणजे युद्धानंतरची सिव्हिलियन, हे एकदा कळलं की झोप उडते.

मागचं फळकूट उघडत असेल (तेही सिव्हिलियनचंच लक्षण) तर वेल्डिंग मारून बंद करा.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर पाट्या असतात. त्यातल्या एकीवर डिलिव्हरीची तारीख असते, म्हणजे लष्कराने गाडी ताब्यात घेतली तो दिवस. मूळ पाटी शोधण्याचे कष्ट घेऊ नका, नवी कोरी विकत मिळते, हवी ती तारीख ठोकून घ्या. ९ ऑगस्ट १९४२ टाकलीत तर क्रांतिदिनाच्या मिरवणुकीतही गाडी नेता येईल. त्या दिवशी रविवार होता, पण बघतो कोण.

चेसिस नंबर मात्र मुळापासून साफ करा. त्यासाठी कसबी गॅरेजवाला लागतो. माझा होता. त्याला मी बजावलं होतं की डाव्या बाजूला, चेसिसच्या वरच्या अंगावर, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या आसपास रंगाखाली 'जीपीडब्ल्यू' (फोर्डच्या जीपची खूण) आणि पुढे आकडे आहेत. अर्धे दिसताहेत, उरलेले रंग उतरवून वाचायचेत, तिथे ग्राइंडर लावायचा नाही. खडूने गोल काढून दाखवला होता. विलीजने आपला नंबर चेसिसच्या आतल्या बाजूला छोट्या पाटीवर रिव्हेट मारून बसवला, त्यामुळे तो हरवतो. फोर्डने थेट लोखंडात ठोकला. तो ऐंशी वर्षं गंज, चिखल आणि लष्कराने थरावर थर चढवलेला रंग सोसून टिकला होता. गाडी आणायला गेलो तर तिथे गुळगुळीत. "साहेब, तेवढ्यात जरा खडबडीत होतं, घासून पुट्टी मारली, लेव्हल केलं." खडबडीत! अरे, तो नंबरच होता! कारखान्यातून निघताना फोर्डच्या जीपच्या इंजिनावर आणि चेसिसवर एकच आकडा असायचा. माझ्या गाडीचं इंजिन कुणीतरी केव्हाच काढून डिझेल बसवलेलं, म्हणजे उरली होती ती चेसिस. तीही याने मुकी केली. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपला 'एफ' उमटवला होता. ते बोल्ट भंगारात किलोवर गेले आणि त्या जागी नवे, चकचकीत. बोनेटच्या बाजूला रंगाखाली लष्कराचा नंबर असतो, जीपचा वीसने सुरू होणारा. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने एकेक थर उतरवला तर तो कधीकधी वर येतो. हाताने हे व्हायला अख्खा रविवार लागतो. याने सँडब्लास्टिंग केलं, म्हणजे वाळूच्या माऱ्याने सगळा रंग उडवला, आणि बिलात ते वेगळं लावलं! वर ग्लोव्ह बॉक्सवर नवी पाटी, साल १९४२. "ही आपल्याकडून भेट."

मग आरटीओत जा. तिथे चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे वर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, मागतात. पुट्टीची पेन्सिल प्रिंट काढून बघा, फार सुबक निघते. एकही आकडा नाही. आरसी बुकात उत्पादनाच्या रकान्यात बघावं, तर लष्कराने गाडी लिलावात काढली ते साल. ते खोडून १९४२ करून देणारा एजंट बाहेर टपरीवर उभाच असतो.

आणि हे सगळं कशासाठी? जुन्या गाड्यांसाठीच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमात व्हिंटेज ठरायला लागणारी पन्नास वर्षं मोजतात ती पहिल्या नोंदणीपासून. १९४२ कुणी मागितलेलंच नाही! नियम म्हणतो ते एवढंच, की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. जे कुणाला नको होतं ते तुम्ही बनवलंत, आणि जे हवं होतं ते घासून टाकलंत.

नका करू रे हे. १९४४ ची असेल तर १९४४ ची म्हणा, काय बिघडतं? या गाड्यांत गुंता आधीच पुरेसा आहे. १९४४ पासून विलीज आणि फोर्ड दोघांनाही एकाच ठिकाणच्या बॉड्या बसायला लागल्या. पुढे लष्कराच्या वर्कशॉपांत हिचं इंजिन तिला आणि तिची बॉडी हिला झालं. त्यात तुमची भर कशाला? हत्यार लावण्याआधी पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रश घ्या, कागद ठेवून पेन्सिल फिरवा, फोटो काढा. जुने बोल्ट डब्यात घालून गिऱ्हाइकाला परत द्या, ते त्याचे आहेत. नंबर वाचता येत नसेल तर साल माहीत नाही असं सरळ सांगा, खोटी पाटी ठोकू नका. विकणाऱ्यांनो, तुम्हीही गप्प बसा जरा, प्रत्येक गाडीला नॉर्मंडी दाखवायची गरज नाही. आणि खडूच्या गोलात ज्याने ग्राइंडर चालवला, त्याने ब्लास्टिंगच्या राहिलेल्या पैशांसाठी मला पुन्हा फोन करू नये.