मापात पाप, तेही सणासुदीला!

भाऊबीजेसाठी अर्धा किलो काजूकतली आणली. अकराशे रुपये किलोची. लेक ताटात वड्या मांडायला बसला आणि म्हणाला, "आई, एवढ्याच?" शंका आली म्हणून घरच्या काट्यावर ठेवल्या. 408 ग्रॅम! मग रिकामा खोका ठेवला. 92 ग्रॅम. तळाला दुहेरी पुठ्ठा, आत प्लास्टिकचा ट्रे, वर सोनेरी कागद. म्हणजे 101 रुपयांचा पुठ्ठा मी काजूच्या भावाने विकत घेतला. सात-आठ वड्या गेल्या की हो!

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ताई, वजन खोक्यासकटच असतं. सगळीकडे तसंच आहे." अरे, सगळीकडे आहे म्हणून चोरी चालते का? तुझ्या समोरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला बटण आहे ना? रिकामा खोका ठेव, बटण दाब, आकडा शून्यावर आण, मग वड्या भर. दोन सेकंदांचं काम. वैधमापन शास्त्राचा कायदा 2009 चा आहे, आणि वजन निव्वळ मालाचंच द्यावं लागतं. खोक्याचे पैसे हवेत तर वेगळे लाव, बिलावर लिही, मला परवडला तर घेईन. नाहीतर घरून स्टीलचा डबा आणेन.

आमची मंडईतली भाजीवाली मावशी माझी पिशवी कधी तागडीत ठेवत नाही. वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते. आणि हा एसी लावून बसलेला शेठ काटा मारतो!

चीड याची येते की माल खरंच चांगला असतो. आतला कारागीर पहाटेपासून कढईपाशी उभा. म्हशीच्या लिटरभर दुधाचा जेमतेम 200 ग्रॅम खवा निघतो, तोवर उलथनं हलवत हात भरून येतात त्याचे. त्याच्या घामाच्या मालाला बट्टा लावतोय हा गल्ल्यावरचा.

सगळ्यात जास्त लागलं ते रांगेतल्या बाईंचं बोलणं. "सणाच्या दिवशी शंभर रुपयांसाठी कशाला वाद?" अहो, दिवाळीत त्याच्याकडे दिवसाला असे किती खोके जातात? प्रत्येकात 92 ग्रॅम धरा आणि करा हिशोब. आपण लाजतो, तेच त्याचं भांडवल आहे.

पैसे परत मिळाले नाहीत. त्या खोक्याचा काट्यावरचा फोटो मात्र मी काढून ठेवलाय, आणि सोमवारी तो घेऊन वैधमापनच्या कार्यालयात जाणार आहे.