अभयारण्य काढायचंय? मग बांधाकडे बघू नका

गावातलं खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं भातशेत, खारट होऊन पडलंय, बांधाला भगदाड, आत गुडघाभर खारं पाणी आणि त्यात वाकडीतिकडी तिवरं (खारफुटीची झाडं), आणि एके दिवशी सकाळी पोई चहात बुडवताना तुम्हाला वाटलं की इथे आपण गावाचं अभयारण्य करूया. छान. गोव्यात हा विचार एकतर पंचायत निवडणुकीआधी येतो नाहीतर शेजारचा प्लॉट विकायला निघाल्यावर, तुम्हाला तो असाच आला म्हणजे मन चांगलं आहे. मी अशी दोन-तीन अभयारण्यं उद्घाटनापर्यंत पोचलेली बघितलीयत (पुढे गेलेलं एकही नाही), त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो.

आधी बोर्ड करून घ्या, मोठा. त्यावर किंगफिशरचं चित्र पाहिजेच, खंड्या म्हटलं तर कोण थांबत नाही, किंगफिशर म्हटलं की इथे सगळेच थांबतात, भले दुसऱ्याच आशेने. बोर्डावर 'अभयारण्य' बिनधास्त लिहा पण कागदावर चुकूनही काही करू नका. वन्यजीव कायदा 1972 चा, त्यात 2002 च्या दुरुस्तीने 36सी कलम घातलं, म्हणजे गावाच्या नाहीतर खाजगी जमिनीवर लोक आपणहून तयार असतील तर सरकार ती कम्युनिटी रिझर्व्ह म्हणून जाहीर करू शकतं, समितीवर पंचायतीने सुचवलेले निदान पाच जण आणि वनखात्याचा एक. इथपर्यंत गोड आहे. पण पुढे लिहिलंय की एकदा जाहीर झाली की समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. आता सांगा, ज्या गोव्यात 16बी, 17(2), 39ए ही नगरनियोजन कायद्यातली झोन बदलायची कलमं पोरं पाढ्यासारखी म्हणतात तिथे जमीन अशी कायमची अडकवून कसं चालेल? उद्या कोणाला 'बर्ड व्ह्यू' व्हिला बांधायची झाली तर? बर्ड आपले, व्ह्यू आपला, व्हिला फक्त दिल्लीवाल्याची.

मग रोपं लावा. मुहूर्त 26 जुलैचा, जागतिक खारफुटी दिवस, पाऊस धो धो, पाहुणे नव्या कोऱ्या गमबूटात. तिवरांच्या एका जातीची रोपं शेवग्याच्या शेंगेसारखी असतात, झाडावरच अंकुर फुटून खाली लोंबतात, ती चिखलात नुसती खोचली की फोटो मस्त येतो. कुठे खोचायची हा प्रश्न विचारू नका. जिथे गाडी जाते तिथे. भरतीचं पाणी तिथे किती वेळ राहतं, कुठल्या जातीला किती पाणी सोसतं, हे बघत बसलात तर पाहुणे निघून जातील. शक्य झालं तर ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखलच धरा, तो बघणाऱ्याला ओसाड वाटतो, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार आणि चिखल्या तिथेच किडे टिपून पोट भरतात ही बारीकसारीक गोष्ट झाली. एक तर रोपं मरतील म्हणजे पुढच्या वर्षी परत लावता येतील, नाहीतर जगतील आणि पक्षी जातील. कार्यक्रम दोन्हीकडून चालू राहतो.

आता बांध. बांधाचं नाव कोणी काढलं की लगेच विषय बदला, कारण सगळी गोची तिथेच आहे. खाजन म्हणजे मुळात खाडीकडून मागून घेतलेली जमीन, गोव्यात अशी साधारण 18 हजार हेक्टर, भरतीला नदीचं पाणी शेतापेक्षा वर असतं आणि मधे फक्त चिखल-पेंढ्याचा बांध, बाहेरून चिरे. त्या बांधात मानस, म्हणजे लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं. ना मोटर ना सेन्सर ना ॲप, म्हणून तर आजवर कोणी त्याला फंड दिला नाही. पावसात गोडं पाणी साचून खार धुवून निघतो, मग कोरगुट भात पिकतं, ते जरा खारं पाणी सोसतं. शेत, मासे, बगळे, पाणमांजरं सगळं त्या एका दारावर. बांध गांवकरी, म्हणजे गावाची जुनी संस्था, सांभाळायची, मग सांभाळणं हळूहळू कूळसंघांकडे, म्हणजे कसणाऱ्या कुळांच्या संघांकडे, गेलं. बांधावर माणूस ठेवलेला असायचा, खेकड्याने बीळ केलं की तो त्याच दिवशी चिखलाने बुजवायचा. आता तो माणूस नाही, आता बांधावर राखणदार म्हणजे फक्त देवाचा, त्याला रोट आणि सोरो (दारू) दिला की झालं, खेकड्याचं तो काय करत नाही.

आणि मानशीच्या मासेमारीची होते पावणी, म्हणजे लिलाव. ज्याने ती घेतली त्याला भाताचं काय पडलेलं नसतं, त्याला पाहिजेत सुंगटं (कोळंबी) नि चणाक मासा, म्हणून तो दार हवं तेव्हा उघडं ठेवतो, खारं पाणी आत, शेतं बसली. एखाद्या रात्री बांध आपणहून फुटतो. (आपणहून. पंचनाम्यात तसंच असतं.) मग दोन-चार वर्षांत आत तिवरं उगवतात, तिवरांना सीआरझेडचं (किनारा नियमनाच्या नियमांचं) संरक्षण, म्हणजे ज्याला परत भात लावायचंय तो कोयता घेऊन परवानगीच्या लाईनीत आणि ज्याला जमीन घ्यायचीय तो शांतपणे म्हणतो, बघा, पडीक आहे, कशाला ठेवता. तिवरं वाईट नाहीत हो, बांधाच्या बाहेर नदीच्या अंगाला असली तर लाटा अडवतात, बांध वाचतो. आत आली म्हणजे दार मोडलंय एवढाच त्याचा अर्थ. पण तुम्ही आतच लावा, आत सावली असते.

कोणी म्हणेल चोडणला बघा, सलीम अली पक्षी अभयारण्य, 1988 पासून आहे, जेमतेम 178 हेक्टर, रायबंदरहून फेरी पकडली की पोचलात. म्हणा हो हो, आणि एक स्टडी टूर काढा. बोरी गावाचं नाव कोणी काढलं तर मात्र सावध, तिथे लोक पौष अमावास्येला बांधाच्या कडेला चिखलाची मगर करून पूजतात, मानगे थापनी म्हणतात, असल्या लोकांना अभयारण्य म्हणजे काय ते समजवायला गेलात तर उलट तेच तुम्हाला समजावतील.

किनाऱ्याकडची जमीन असेल तर काम अजून सोपं. वाळूच्या टेकड्या सपाट करा, मर्यादवेल उपटा, ती वाळू धरून ठेवते आणि नावातच मर्यादा आहे, कशाला पाहिजे. जागी सुरूची रांग लावा, लवकर वाढतात, हिरवं दिसतं, खाली मेलेल्या सुयांचा गालिचा पडतो त्यात दुसरं काही उगवत नाही म्हणजे झाडूनसुद्धा घ्यावं लागत नाही. मोरजीला नाहीतर गालजीबागला अंडी घालायला येणाऱ्या कासवांना अंधार लागतो असं म्हणतात, तर शॅकवाल्याला सांगा लाईट निळी लाव, वातावरण तयार होतं.

एवढं सगळं व्यवस्थित करूनही कधी कधी घात होतो. आमच्याकडे झाला. एक म्हातारा, दोन नातू आणि मुंबईहून सुट्टीला आलेला जावई असे चौघे मे महिन्यात ओहोटी बघून मानशीत उतरले, कुजलेली फळी काढून नवी बसवली, भगदाडात पेंढा नि चिखल दाबला, कोणाला विचारलं नाही, कोणाला बोलावलं नाही. पाऊस आला, खार उतरत गेला, कडेच्या दोन शेतांत कोरगुट पेरलं, आणि नोव्हेंबरात बघतो तर बगळे, शराटी, तुतवार, नाव माहीत नसलेले पण बरेच, सगळे म्हाताऱ्याच्या बाजूला. आमच्या बोर्डावर फक्त एक कावळा.

असं झालं तर घाबरू नका. बोर्ड उपटा आणि तिकडे नेऊन पुरा, खड्डा एक फूट पुरतो. रील करताना फक्त म्हाताऱ्याला जरा बाजूला व्हायला सांगा, पायाला चिखल असतो त्याच्या.