१२५८ नव्हे, ९४५: खिलाफतीच्या ऱ्हासावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

खिलाफतीच्या ऱ्हासावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि परखड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. अब्बासी खिलाफत, म्हणजे बगदादच्या खलिफांचं साम्राज्य, मंगोल सरदार हुलागूने १२५८ साली बुडवली, तिचा अंत मी तीनशे वर्षं मागे ओढतो, हा पहिला. नववं-दहावं शतक ज्ञानविज्ञानाचा सुवर्णकाळ असताना मी त्याला ऱ्हास म्हणतो, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यात टोकदार: "खलिफा खरंच संपला होता, तर लोक शुक्रवारच्या खुत्ब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) त्याचंच नाव का घेत राहिले?"

माझं म्हणणं एवढंच आहे की राज्य म्हणून खिलाफत ८६१ ते ९४५ या काळात संपली, आणि ती संपली पगार आणि शेतसारा यांच्या गणितात.

आधी सैन्याकडे पाहा. खलिफा उमर यांच्या काळापासून अरब लढवय्यांची नावं दिवाणाच्या नोंदवहीत असत आणि त्यांना ठरलेला तनखा मिळे. ८३३ साली गादीवर आलेल्या मुअतसिमने इजिप्तच्या सुभेदाराला अरबांची नावं त्या वहीतून खोडायला सांगितली. त्यांच्या जागी आले मध्य आशियातून विकत आणलेले तुर्क गुलाम सैनिक. बगदादच्या लोकांशी त्यांचे खटके उडू लागले, तेव्हा ८३६ मध्ये मुअतसिमने राजधानीच हलवली आणि तैग्रिसच्या काठी उत्तरेला सामर्रा वसवलं. आता सैन्याला ना टोळी होती, ना गाव, ना जनतेशी नातं. त्याचं नातं फक्त पगाराशी होतं. पगार वेळेवर झाला तर हे सैन्य अत्यंत निष्ठावान. पगार थकला की खलिफाचा जीव धोक्यात.

आणि पगार थकला. ८६१ मध्ये मुतवक्किलचा खून त्याच्याच तुर्क रक्षकांनी केला, त्याच्या मुलाशी संगनमत करून. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. त्यांतल्या मुअतझची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. सैनिकांनी ५०,००० दिनार मागितले, खजिना रिकामा होता, म्हणून त्याने आईपुढे हात पसरले. आपल्याकडे पैसे नाहीत, असं तिने कळवलं. सैनिकांनी त्याला पदच्युत केलं, हालहाल करून मारलं, आणि नंतर त्याच आईच्या गुप्त साठ्यात लाखो दिनार सापडले. तुम्ही 'ऐषआरामाने पोखरलं' म्हणता, ते इथपर्यंत मला पटतं. पण एका आईची तिजोरी उघडली असती तर एक पगार निघाला असता. पुढचा कुठून आणणार होते?

कारण पगार येत होता तो सवादमधून. सवाद म्हणजे दक्षिण इराकचा कालव्यांवर पिकणारा काळा सुपीक पट्टा, साम्राज्याचा खरा अन्नदाता. ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षं त्याच भागात झंज गुलामांचं बंड पेटलं होतं. पूर्व आफ्रिकेतून आणलेले हे मजूर जमिनीवरचा खारट थर खरवडून काढायचं जीवघेणं काम करत. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटलं. ते अन्यायाविरुद्ध उठले होते आणि त्यांच्या बाजूने मला सहानुभूती आहे. पण खजिन्याच्या दृष्टीने बघाल तर त्या वर्षांत कालवे बुजले, गावं ओस पडली. त्याच सुमारास इजिप्तमध्ये सुभेदार इब्न तूलून स्वतंत्र झाल्यासारखा वागू लागला, आणि इराणातून याकूब सफ्फार हा बंडखोर सरदार थेट बगदादच्या उंबरठ्यापर्यंत चालून आला. ८७६ मध्ये त्याला कसंबसं परतवलं.

मधल्या काळात डाव सावरला हे खरं. ८९२ मध्ये राजधानी बगदादला परत आली, काही प्रांत परत मिळाले. मग १३ वर्षांचा मुक्तदिर ९०८ मध्ये गादीवर आला आणि पुन्हा घसरण सुरू झाली. ९१७ मध्ये बायझंटाइन वकिलांना दाखवलेला चांदीचा वृक्ष आणि त्यावरचे गाणारे यांत्रिक पक्षी तुम्ही वैभवाचा पुरावा म्हणून सांगितलेत. तेरा वर्षांनी, ९३० मध्ये, कर्मती या बंडखोर शिया पंथाच्या लोकांनी मक्केवर हल्ला करून काबेतला काळा दगड उचलून नेला. तो परत यायला वीसेक वर्षं लागली. मक्केचं रक्षण हे खलिफाचं पहिलं कर्तव्य. तेही त्याला करता येत नव्हतं.

शेवटची पायरी वाचताना माझं मन अजूनही विषण्ण होतं. ९३६ मध्ये खलिफा राझीने सैन्य आणि महसूल दोन्ही इब्न राइक नावाच्या सरदाराच्या हाती सोपवले. पुढच्याच वर्षी, प्रतिस्पर्धी बजकमला अडवण्यासाठी, या इब्न राइकने नहरवान कालवा फोडला. इस्लामपूर्व इराणी सासानी राजांच्या काळापासून बगदादच्या पूर्वेची शेती ज्या पाण्यावर उभी होती, ते पाणी एका लढाईसाठी वाया गेलं. बजकम तरीही आला. शेती मात्र पिढ्यान्‌पिढ्या उठली नाही. ९४५ मध्ये बुवैही हे इराणातले सरदार बगदादेत शिरले आणि काही आठवड्यांतच त्यांनी खलिफा मुस्तक्फीचे डोळे काढले. बारा वर्षांत आंधळा केलेला हा तिसरा खलिफा.

चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून याचा दाखला तुम्ही दिलात. त्याने चैनीबद्दल लिहिलं तसं कराबद्दलही लिहिलं आहे: राजवटीच्या आरंभी कर हलके असतात आणि उत्पन्न भरपूर, अखेरीला कर जड आणि उत्पन्न तुटपुंजं. मी त्याच वाटेने चाललो आहे.

सुवर्णकाळाबद्दल आपल्यात भांडण नाही. राज्य खचलं म्हणजे समाज खचला, असं मी म्हणतच नाही. इब्न सीना बगदादमध्ये राहिला नाही, अल-बिरूनी ख्वारज्म आणि गझनीत होता, इब्न अल-हैसमने कैरोत काम केलं. एका दरबाराचे अनेक दरबार झाले आणि विद्वानांना आश्रयही अनेक मिळाले. व्यापाराचंही तसंच. मुक्तदिरच्याच काळात, ९१६च्या सुमारास, अरब प्रवासी मसूदी आपल्या कोकणातल्या चौलला आला. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या आणि तिथेच जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने नोंदवली, शिलाहार राजा झंझाच्या अमलाखाली सुखाने नांदणारी. खलिफाचा खजिना आटत असताना बसऱ्याची माणसं कोकण किनाऱ्यावर निर्धास्त व्यापार करत होती.

१२५८बद्दल एक गोष्ट मान्य. बाराव्या शतकात बुवैहींच्या जागी आलेले तुर्क सेल्जुक सुलतान दुबळे झाल्यावर खलिफांनी इराकपुरतं स्वतःचं राज्य पुन्हा उभारलं होतं, आणि त्यांतला खलिफा नासिर हा तर खराखुरा कर्तबगार राजा होता. हुलागूने बुडवलं ते हे छोटं इराकी राज्य. उत्तर आफ्रिकेपासून सिंधपर्यंत वसुली करणारी खिलाफत तेव्हा कुठेच नव्हती. कॉर्दोबा आणि कैरोत तर दहाव्या शतकातच स्वतःला खलिफा म्हणवणारे दुसरे राजे उभे राहिले होते.

आता खुत्ब्याचा प्रश्न. तलवारीच्या जोरावर राज्य मिळवलेल्या प्रत्येकाला आपलं राज्य वैध आहे असं सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते सांगणारा खलिफा स्वतः जितका दुबळा, तितका सोयीचा. बुवैही शिया असूनही त्यांनी सुन्नी खलिफा ठेवला तो याचसाठी: स्वतःच्या पंथाचा इमाम गादीवर बसवला असता तर त्याचं ऐकावं लागलं असतं. दिल्लीच्या इल्तुतमिशने १२२९ मध्ये बगदादहून मान्यतेची वस्त्रं स्वीकारली. बगदादचा शेवटचा खलिफा मुस्तअसिम १२५८ मध्ये मारला गेल्यावरही दिल्लीच्या नाण्यांवर त्याचं नाव कित्येक वर्षं कोरलं जात राहिलं. मुहंमद तुघलकाने तर, दौलताबादचा खटाटोप फसल्यावर आणि बंडांनी घेरल्यावर, १२५८नंतर कैरोत आश्रयाला असलेल्या घराण्यातल्या नामधारी अब्बासी खलिफाकडून मान्यता मागवली आणि नाण्यांवरून स्वतःचं नाव काढून खलिफाचं घातलं. त्या खलिफाकडे ना दिल्लीला पाठवायला सैन्य होतं, ना दिल्लीकडून सारा वसूल करायची ताकद. तुघलकाला त्याच्याकडून दोन्ही नकोच होतं.