नाव बिघडलेले नाही, ते मुळातच तसे आहे

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील शिटरटन या वस्तीवरील लेख आवडला, परंतु तिचे मूळ नाव ‘सिटरटन’ असून पुढे त्याचा अपभ्रंश झाला, हे विधान पटले नाही. क्रम नेमका उलट आहे. 1086 च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे नॉर्मन राजाने करून घेतलेल्या इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, या जागेची जी नोंद आहे, तिच्यातील नाव नॉर्मन लेखनिकांच्या कानांना ऐकू आले तसे लिहिलेले असले, तरी ते विष्ठा किंवा मैला या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरूनच आलेले आहे, आणि शेवटचे ‘टन’ म्हणजे शेतवाडी. म्हणजे मैला वाहून नेणाऱ्या ओढ्याकाठची वाडी, असा साधा, व्यवहारी अर्थ निघतो. बेअर रेजिस गावाला लागून असलेल्या, गवती छपरांच्या या टुमदार वस्तीला असे नाव शोभत नाही, असे व्हिक्टोरियन काळातील सोवळ्या मंडळींना वाटले आणि त्यांनी इंग्रजी स्पेलिंगमधील ‘h’ हे एक अक्षर गाळून ‘सिटरटन’ रूढ करण्याचा खटाटोप केला. लेखकाने बहुधा हेच सुधारित रूप मूळ मानले असावे.

रहिवाशांना मात्र जुन्या नावाचे वावडे नाही. पाटी वारंवार चोरीला जाऊ लागली, तेव्हा 2010 मध्ये त्यांनी घरटी वर्गणी काढून सुमारे दीड टन वजनाची पर्बेक या डॉर्सेटमधल्याच दगडाची शिळा आणली आणि तिच्यावर पूर्ण नाव कोरून घेतले. आता ती पळवायची तर क्रेनच आणावी लागेल!