फुली कुठं आहे?

पावसाळ्यात सांगलीचा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही असो, सकाळी उठला की आधी एक आकडा बघतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? 40 झालं की इशारा, 45 झालं की धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या वर गेलं होतं, आणि तेव्हापासून ही सवय जास्तच जडली आहे. मी इथं जर्मनीत कोलोनला बसून बघतो, आई विश्रामबागेत बसून बघते. मावशीचं घर नदीजवळच्या गावभागात, त्यामुळं आईचा जीव माझ्यापेक्षा जास्त टांगलेला.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आईचा फोन आला. "आकडाच दिसंना झालाय रे. त्याच्यावर एक बाबा येऊन बसलाय बरणी घेऊन."

जाहिरात होती ती, बरणीत पावडर. 21 दिवसांत मधुमेह मुळापासून जाणार होता. मी म्हटलं, कोपऱ्यात फुली असेल, ती दाब. "दाबली की. आणखी एक उघडलं." मग तिनं बाबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःचा फोन त्याच्यासमोर धरला. ठळक लाल फुली होती ती चित्राचाच भाग होती. दाबली की थेट दुकानात. खरी फुली वरच्या टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढी, राखाडीवर राखाडी, आणि तीही पाच सेकंदांनी उगवणारी. आई 71 वर्षांची, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मलाच ती तिसऱ्यांदा बघताना सापडली.

तोवर उशीर झाला होता. आदल्या दिवशी कुठल्याशा "मोफत सल्ला" लिहिलेल्या चौकोनात तिनं नाव आणि नंबर भरून टाकला होता. दोन दिवस फोन, चौथ्या दिवशी दारात पार्सल, 2,400 रुपये रोख. बाबांनी दिले. का दिले विचारल्यावर म्हणाले, "पोरगं पावसात भिजत उभं होतं, त्याला काय परत पाठवायचं?" पावडरीला हळदीचा वास येत होता. सांगलीत हळद विकत घ्यायला 2,400 रुपये!

मी तावातावानं शाळेतल्या एका मित्राला फोन केला. पाण्याचा आकडा आई ज्याच्या बातम्यांत बघते, ती छोटी बातमीसेवा तोच चालवतो. तो शांतपणे म्हणाला, "लेका, ती जाहिरात मी लावलेली नाही. मी फक्त जागा दिलीय. कोण येऊन बसतंय मला काय माहीत?"

तांत्रिकदृष्ट्या तो खरं बोलत होता. पान उघडायला लागलं की तेवढ्या वेळात त्या चौकोनी जागेचा लिलाव होतो. बघणारा कोण, कुठल्या गावचा, कुठला फोन, एवढी माहिती बोली लावणाऱ्यांकडं जाते आणि पापणी लवायच्या आत जागा विकली जाते. माझे आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून करायचे, भाव तिसऱ्याला कळायचा नाही. हे तसंच आहे, फक्त रुमालाखाली हात घालणारे ते दोघं एकमेकांचं गाव ओळखून असायचे. बैल लंगडा निघाला तर कुठं जाऊन भांडायचं ते ठाऊक असायचं. इथं जागेचा मालक जागा कुणाला दिली ते सांगू शकत नाही, आणि लबाड तर इतके पुढचे, की तपासणीच्या वेळी वेगळी साधी जाहिरात दाखवतात आणि आईच्या फोनवर बरणीवाला सोडतात.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस जुंपली. बहुतेकांचं म्हणणं एकच : वापरणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, फुकट पाहिजे तर जाहिराती सोसा. मला हे पटत नाही. आईचे डोळे उघडेच होते. ती पुराचा आकडा बघत होती. ज्या चौकोनाचे पैसे मित्राला मिळतात त्या चौकोनात कोण उभं आहे याची जबाबदारी त्याच्यावर आणि लिलाव करणाऱ्या कंपनीवर, त्यानंतर मग आईवर.

आपल्याकडं कायदे नाहीत असंही नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे, जादूई उपचारांच्या 1954 च्या जुन्या कायद्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभुलीसाठी 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. छापणाऱ्यालाही दंड आहे. पण त्याच कलमात दार किलकिलं ठेवलंय : धंद्याच्या नेहमीच्या ओघात छापली असं दाखवून दिलं की सुटका, फक्त ती मागं घ्यायचा आदेश आधी ठाऊक असता कामा नये. आमच्या मित्राचं "मी फक्त जागा दिलीय" हे त्याला न कळता कायद्याच्या भाषेतलंच निघालं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं फसव्या रचनांची जी 13 प्रकारांची यादी काढली, तीत बातमीच्या वेषातली जाहिरातही आहे. फुलीचा खेळ करणाऱ्यापर्यंत ती पोचलेली दिसत नाही.

आता इथलं. माझ्या टपालपेटीवर एक चिकटपट्टी आहे, "जाहिराती नकोत" अशा अर्थाची. 1988 साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की अशी पट्टी असेल तर आत पत्रकं टाकायची नाहीत, आणि खरंच कुणी टाकत नाही. (फुकटची साप्ताहिकं मात्र येतात, त्यांना वेगळी पट्टी लागते. जर्मन माणूस!) युरोपात डिजिटल सेवांचा कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू झाला. समाजमाध्यमांना आणि ऑनलाइन बाजारांना प्रत्येक जाहिरातीत सांगावं लागतं की ही कुणाची, पैसे कुणी भरले. माझ्या मित्राएवढ्या धंद्याला तो इथंही लागला नसता, हे कबूल.

आणि इथं स्वर्ग नाही. नामवंतांचे चेहरे लावून गुंतवणुकीला बोलावणाऱ्या खोट्या जाहिराती इथंही दिसतात. वर्तमानपत्र उघडलं की आधी विचारतात, आमची पाळत मान्य की महिन्याला पैसे भरता? "मान्य" हिरवं, मोठं. दुसरं बारीक अक्षरात. म्हणजे ज्वारीचा दाणा इथंही आहे, फक्त वकिलानं पाखडून ठेवलेला.

मी स्वतः जाहिराती गाळणारं सॉफ्टवेअर वापरतो, ते याच शहरातल्या कंपनीचं आहे. 2018 मध्ये न्यायालयानं ते कायदेशीर ठरवलं. गंमत म्हणजे ती कंपनी बड्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या "सभ्य" जाहिराती चाळणीतून सोडते. मित्रानं नेमकं इथंच पकडलं. "तू गाळणी लावून माझ्या बातम्या वाचतोस. तुझ्याकडनं मला दमडी मिळत नाही, आणि वर उपदेश." उत्तर नव्हतं. वर्षाची वर्गणी मागितली तर किती देतील, असं त्यानं विचारलं, त्यावर ज्या ग्रुपनं दोन दिवस भांडण केलं होतं तो चिडीचूप झाला. मी धरून चौघं निघालो.

एक मात्र त्यानं केलं. औषधं आणि कर्जं या प्रकारच्या जाहिराती बंद करायची सोय त्याच्याकडं पहिल्यापासून होती, ते पान त्यानं उघडलंच नव्हतं, कारण त्या बंद केल्या की भाव उतरतो. ते बटण त्यानं अजून दाबलेलं नाही. पण पुराच्या आकड्याच्या पानावरून सगळ्या जाहिराती काढल्या. तिथं आता नुसते फूट आणि इंच.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईच्या फोनवर मी माझी गाळणी बसवून आलो. आठवड्याभरात तिचा फोन.

"हरभट रोडवरच्या साड्यांच्या सेलचं दिसायचं बघ, ते का बंद केलंस?"