दीड टक्क्याच्या पक्षाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "समाजवाद्यांना उदारमतवादी म्हणून खपवताय, आणि दीड टक्का मतांच्या पक्षासाठी एवढे गळे काढताय," असं तुम्ही लिहिलंय. पहिला मुद्दा निम्मा मान्य. माझ्या लेखात इटलीच्या अ‍ॅक्शन पार्टीला मी सरसकट 'उदारमतवादी' म्हटलं, ती घाई झाली. (नाव इटलीच्या एकीकरणाचा पुरस्कर्ता मॅझिनी याच्या जुन्या पक्षावरून घेतलेलं. सावरकरांमुळे मॅझिनी आपल्याला परका नाही.)

पण निम्माच. १९४२ साली, मुसोलिनी सत्तेवर असताना चोरून उभ्या राहिलेल्या या पक्षात एमिलिओ लुस्सूसारखे समाजवादी होते, तसेच उगो ला माल्फासारखे समाजवादाचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारेही होते. पुढे इटली व्यापून बसलेल्या जर्मनांविरुद्ध लढताना हे भांडण झाकून राहिलं. कम्युनिस्टांच्या खालोखाल मोठी पार्टिझान (गनिमी) पथकं यांचीच. त्या लढ्यातले फेर्रुच्चो पार्री जून १९४५ मध्ये पंतप्रधान झाले. फॅसिस्टांना कारभारातून काढायचं आणि बड्या कारखानदारांवर कर बसवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. वर्ष संपायच्या आत सरकार पडलं. पाठिंबा कोणी काढला? लिबरल, म्हणजे नावानेच 'उदारमतवादी' असलेल्या पार्टीने! 'खरा उदारमतवादी कोण' हा तुमचा प्रश्न तेव्हा रोममध्येच पेटला होता.

मग फेब्रुवारी १९४६ चं अधिवेशन. पक्ष फुटला, पार्री आणि ला माल्फा बाहेर पडले. निवडणूक चार महिन्यांवर. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या मागे गावोगावची चर्च, डाव्यांच्या मागे कामगार संघटना. यांच्याकडे प्राध्यापक, वकील आणि आपसातलं भांडण. २ जूनला संविधान सभेच्या ५५६ पैकी ७ जागा मिळाल्या. मतांचा तुमचा दीड टक्क्याचा आकडा बरोबर आहे.

पण त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर दुसरी मतपत्रिकाही होती: राजा की प्रजासत्ताक? राजा नको, ही या पक्षाची पहिल्यापासूनची मागणी. ती सुमारे ५४ टक्के मतं मिळवून जिंकली. त्या सातांत कायदेपंडित पिएरो कालामांद्रेई होते, संविधान सभेतल्या कसलेल्या वक्त्यांपैकी एक. पक्ष १९४७ मध्ये विसर्जित झाला. त्यातला एक तरुण, कार्लो आत्सेल्यो च्यांपी, १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. एवढ्या ऐवजासाठी थोडे गळे काढले तर काय बिघडलं?

लेखात 'उदारमतवादी' च्या जागी 'उदारमतवादी-समाजवादी' केलंय. लेखाचं शीर्षक मात्र तसंच ठेवतोय.