एसडीएन मेलं म्हणता, मग वाट कोण ठरवतंय?

नेटवर्कवाल्यांमध्ये सध्या एक मजकूर जोरात पुढे पाठवला जातोय. त्याचा गोषवारा असा: 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग (एसडीएन, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, पॅकेटांची, वाट वेगळ्या सॉफ्टवेअरने ठरवायची कल्पना) हा फुगा होता आणि तो फुटला. त्यातला ओपनफ्लो हा प्रोटोकॉल आता कुणी वापरत नाही, म्हणजे एसडीएन संपलं. टेलिकॉम कंपन्यांसाठी ते कधी नव्हतंच, ते डेटा सेंटरवाल्यांचं खेळणं. त्यात नवीन काही नाही, वाटा काढायला आपले जुने प्रोटोकॉल पुरेसे होते. वर सगळी अक्कल एका कंट्रोलरमध्ये, म्हणजे वाट ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे तो पडला की सगळंच पडलं. शेवटी व्हेंडरांनी जुन्याच एनएमएसला (नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नवं नाव चिकटवलं आणि बिल वाढवलं.'

पाठवणाऱ्यांत रोज राउटरवर काम करणारी जाणती माणसंही आहेत, म्हणून हा खटाटोप. शेवटच्या वाक्याशी माझं फारसं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकीच्यांशी आहे.

'ओपनफ्लो संपला, म्हणजे एसडीएन संपलं.'

पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. निक मॅककिऑन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली ओपनफ्लोवर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'कॅम्पस नेटवर्क' होतं. विद्यापीठाच्या आवारातल्या स्विचवर संशोधकांना प्रयोग करता यावेत, म्हणून कंट्रोलरने स्विचच्या टेबलात थेट नोंदी लिहायच्या, अशी ती मांडणी. टेलिकॉमच्या गाभ्यातल्या राउटरवर ती जशीच्या तशी बसणार नव्हती. इंटरनेटचे मार्गच दहा लाखांच्या घरात, आणि पॅकेटच्या अनेक रकान्यांवर एकदम जुळणी करायला लागणारी टीकॅम मेमरी महाग, वीजखाऊ आणि आकाराने तोकडी.

पण ओपनफ्लो हा एक प्रोटोकॉल होता आणि एसडीएन ही कल्पना आहे. पॅकेट कुठून जायचं हे ठरवणारा वेगळा, ते पुढे ढकलणारा वेगळा. ठरवणाऱ्याला सगळं नेटवर्क एका नजरेत दिसलं पाहिजे आणि त्याच्याशी प्रोग्रामला बोलता आलं पाहिजे. बस्स, एवढंच. टेलिकॉममध्ये ही कल्पना आज ज्या नावांनी वावरते ती इतकी रुक्ष आहेत की कुणी त्यांच्यावर फुगा फुटल्याचे मजकूर लिहीत नाही. बीजीपी-एलएस राउटरांकडून नेटवर्कचा नकाशा वर आणतो, पीसीई त्या नकाशावर वाट काढतो, पीसेप ती वाट राउटरला कळवतो. यातल्या पीसीईची रचना आरएफसी 4655 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात 2006 सालीच मांडलेली आहे, म्हणजे ओपनफ्लोच्या त्या लेखाच्या दोन वर्षं आधी. जे ओपनफ्लोच्या आधीपासून आहे, ते ओपनफ्लोबरोबर कसं मरेल?

'टेलिकॉमसाठी ते कधी नव्हतंच.'

हे वाचून हसूच आलं, कारण ही कल्पना मुळात टेलिफोनवाल्यांच्या घरातली. एके काळी कॉल जोडण्याचे संकेत आणि माणसांचं बोलणं एकाच सर्किटवरून जायचं. त्यामुळे 2600 हर्ट्झची शिट्टी फुंकून फुकट ट्रंक कॉल लावणारे बहाद्दर निपजले. 1976 साली एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने संकेतांसाठी वेगळं जाळं चालवायला घेतलं, पुढे त्याच कामाचं एसएस7 हे मानक आलं. मग टोल-फ्री नंबर लावला की स्विच क्षणभर थांबून मध्यवर्ती डेटाबेसला विचारायचा, 'हा खरा कुठे न्यायचा?', आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे कॉल जोडायचा. ठरवणारा एकीकडे, जोडणारा दुसरीकडे. डेटा सेंटरवाल्यांचा यात काही संबंध नव्हता.

आणि आत्ताचं बघायचं असेल तर मोबाइल कोर, म्हणजे मोबाइल नेटवर्कचा गाभा, उघडा. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपीने रिलीज 14 मध्ये 4जी कोरचे कंट्रोल आणि यूजर असे दोन भाग केले, त्यालाच कप्स म्हणतात. 5जी कोर तर जन्मतःच तसा आहे. एसएमएफ ठरवतो, यूपीएफ पॅकेट ढकलतो, मधल्या एन4 या दुव्यावर पीएफसीपी हा प्रोटोकॉल बोलला जातो. पीएफसीपीचे नियम काय असतात? या टनेलमधून, म्हणजे आखून दिलेल्या वाटेतून, असं पॅकेट आलं तर तिकडे पाठव, इतका वेग दे, इतके बाइट मोज. ज्याने ओपनफ्लोचं 'मॅच आणि ॲक्शन' वाचलंय त्याला हे सूर ओळखीचे वाटतील. फायदाही रोकडा आहे: यूपीएफ ग्राहकाच्या जवळ नेऊन ठेवता येतो आणि एसएमएफ मोजक्या ठिकाणी राहतो.

'वाटा काढायला जुने प्रोटोकॉल पुरेसे होते.'

इथे जरा थांबतो, कारण मुद्दा खरा इथे आहे. आयएसआयएस आणि ओएसपीएफ हे जुने प्रोटोकॉल सगळ्यांत जवळची वाट काढण्यात वाकबगार आहेत, त्याबद्दल दुमत नाही. आरएसव्हीपी-टीई हा प्रोटोकॉल त्यात बँडविड्थचा हिशेबही धरतो. पण तिथे प्रत्येक हेडएंड राउटर (टनेल जिथून सुरू होतो तो) आपापल्या टनेलपुरतं बघतो, आणि जो आधी येईल तो जागा अडवतो.

कागदावर करून बघा. दोन टोकांमध्ये दोन वाटा आहेत, एक जवळची आणि एक लांबची, दोन्ही 10 गिगाबिटच्या. चार वेगवेगळ्या राउटरांवरून चार मागण्या येतात: 4, 4, 6 आणि 6. एकूण 20, म्हणजे गणित तंतोतंत बसतं. आता पहिला 4 चा टनेल जवळच्या वाटेवर जातो. दुसऱ्या 4 लाही तिथेच जागा दिसते, तोही तिकडेच. तिथे 2 उरले. तिसरा 6 चा लांबच्या वाटेवर जातो, तिथे 4 उरले. चौथ्या 6 ला कुठेच जागा नाही! नेटवर्कमध्ये अजून 6 गिगाबिट मोकळे आहेत, पण 2 आणि 4 असे तुटक. कुठल्याही राउटरने चूक केलेली नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाण्यासारखंच केलं. ज्याला चारही मागण्या एकदम दिसतात तो मात्र दोन्ही वाटांवर 4 आणि 6 अशी जोडी बसवून मोकळा होतो. खऱ्या नेटवर्कात शेकडो टनेल असतात, आणि हा गुंता सुटत नाही म्हणून लोक नवीन क्षमता विकत घेतात.

सेगमेंट राउटिंग या नव्या पद्धतीने तर ही गरज वाढवली. त्यात मधल्या राउटरांना टनेलची नोंद ठेवावी लागत नाही, वाट पॅकेटच्याच डोक्यावर लिहिलेली असते. मधल्यांचं ओझं गेलं हे छानच, पण त्याबरोबर जागा राखून ठेवणाराही गेला. मग कुठल्या लिंकवर किती भरलंय याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवाच. तो पीसीई ठेवतो.

या संदर्भात गूगलच्या बी4 नेटवर्कचं उदाहरण नेहमी दिलं जातं. 2013 च्या त्यांच्या लेखात बऱ्याच लिंक जवळपास पूर्ण भरून चालवल्याचं आणि दीर्घ काळाची सरासरी 70 टक्के असल्याचं म्हटलंय. हा आकडा टेलिकॉम कंपनीसमोर नाचवणाऱ्या सेल्सवाल्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. बी4 वरून गूगलच्या डेटा सेंटरांमधली स्वतःची वाहतूक जाते, तिच्यातल्या बऱ्याच भागाला 'थांब, नंतर जा' असं सांगता येतं. ग्राहकाच्या कॉलला असं कोण सांगणार?

'कंट्रोलर पडला की सगळं पडलं.'

ही भीती खोटी नाही. 2 जून 2019 रोजी गूगलच्या क्लाउडमध्ये नेमकं असंच घडलं. चुकीच्या कॉन्फिगमुळे आणि एका बगमुळे देखभालीच्या ऑटोमेशनने अनेक ठिकाणची नेटवर्क कंट्रोलची कामं एकदम बंद केली. मजेची गोष्ट म्हणजे त्यानंतर काही मिनिटं नेटवर्क आधीच्याच टेबलांवर बिनबोभाट चालत राहिलं. ती मुदत संपल्यावर बीजीपीचे (नेटवर्कांनी एकमेकांना कळवलेले) मार्ग काढून घेतले गेले आणि कोंडी झाली. म्हणजे धडा 'कंट्रोलर नको' असा नसून, ठरवणारा गप्प झाला तर ढकलणाऱ्याने किती वेळ आहे तसं चालू ठेवायचं याचा आहे.

आणि वाटून दिलेली अक्कल सुरक्षित असते असं कुणी सांगितलं? 8 जुलै 2022 रोजी कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कवर वितरण राउटरांवरचा फिल्टर काढला गेला, गाभ्यातल्या राउटरांवर मार्गांचा लोंढा आला आणि ते कोसळले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहक बंद. तिथे कुठला केंद्रीय कंट्रोलर पडला नव्हता.

शिवाय टेलिकॉम नेटवर्कात सगळी अक्कल कंट्रोलरला दिलेलीच नसते. लिंक तुटली की 50 मिलिसेकंदांत वाहतूक वळायला हवी, हा जुना दंडक. फायबरमध्ये प्रकाशाला 1000 किलोमीटर जायला सुमारे 5 मिलिसेकंद लागतात, तेवढेच परत यायला. त्यात कळणं, हिशेब करणं, शेकडो राउटरांना सांगणं मिळवा, म्हणजे दूरच्या कंट्रोलरला विचारून हे जमवणं अवघडच. म्हणून पहिली धाव राउटरची. टीआय-एलएफए या तंत्राने त्याने पर्यायी वाट आधीच काढून ठेवलेली असते. कंट्रोलर मागाहून सावकाश सगळी घडी नीट बसवतो. पीसेपचं सत्र तुटलं म्हणून आधी लावलेले टनेल त्या क्षणी उडत नाहीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत राउटर ते धरून ठेवतो, आणि सेगमेंट राउटिंगमध्ये हेडएंडला स्वतः वाट काढायचा दुसरा पर्यायही देऊन ठेवता येतो.

राहिला एनएमएसचा मुद्दा. इथे मजकूर लिहिणाऱ्याने दुखरी नस बरोबर पकडली आहे. रंगीत नकाशा, अलार्मची यादी आणि आतून सीएलआयच्या (हाताने टाइप करायच्या आज्ञांच्या) ओळी ढकलणारी स्क्रिप्ट, हे एसडीएन म्हणून विकलेलं मीही पाहिलंय. 2002 मध्ये आयएबी या इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून त्यांची गाऱ्हाणी ऐकली होती, ती आरएफसी 3535 मध्ये आहेत. एसएनएमपी हा देखरेखीचा प्रोटोकॉल बघायला ठीक, पण त्यावरून कॉन्फिग होत नाही, आणि अनेक उपकरणांवरचा बदल एकच व्यवहार म्हणून करता आला पाहिजे, ही त्यातली दोन. त्यातूनच 2006 साली नेटकॉन्फ हा कॉन्फिग करण्याचा प्रोटोकॉल आला. बारा शाखांचा व्हीपीएन लावताना नवव्या राउटरवर बदल फसला तर आधीचे आठ आपोआप मागे यायला हवेत. ज्याच्या कंट्रोलरमध्ये हे होत नाही, त्याने खुशाल नाव बदलून ठेवलंय असं समजा.

खर्चाबद्दलही आकडे फुगवून सांगितले गेले. बिनब्रँडचं हार्डवेअर स्वस्त मिळतं, पण त्यावरचं सॉफ्टवेअर, जुळवाजुळव आणि ते जाणणारी माणसं फुकट येत नाहीत.

म्हणून पुढच्या डेमोला व्हेंडरकडून दोनच गोष्टी करून घ्या. एका लिंकची क्षमता निम्मी करा आणि कुणीही बटण न दाबता टनेल हलतात का बघा. मग कंट्रोलरची केबल काढा, घड्याळ लावा, आणि वाहतूक कधी थांबते ते लिहून घ्या. केबल परत लावल्यावर त्याच्याकडचा नकाशा आणि राउटरांवरचं वास्तव जुळायला किती वेळ लागतो, तेही त्याच कागदावर.